हिरवं आलं काय?

दाक्षायणीला लोकांनी आयुष्यभर प्रश्नच विचारले. लग्न का केलं नाही, पगार वाढला का, सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या त्या प्रयोगशाळेत दिवसभर बाटल्यांत काय बघत बसतेस. खरा कामाचा प्रश्न एकट्या वडिलांनी विचारला. मडिवाळप्पांचा अक्कलकोटहून रोज संध्याकाळी फोन यायचा.

"हिरवं आलं काय गं?"

"न्हाय अप्पा."

"यील की. गडबड करू नगं."

काम त्यांना तिनंच समजावलं होतं. पानाच्या पेशीत हिरवे कण असतात, हरितलवकं. त्यांची स्वतःची थोडी जनुकं असतात, त्यांवरून प्रथिनं बनवायची स्वतःची सोयही असते. बाकीची बरीच प्रथिनं बाहेरून, पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांच्या हुकमानं बनून येतात.

"म्हंजे एका घरात दोन चुली," अप्पा म्हणाले. भावकीच्या वाटण्या बघितलेल्या माणसाला यात कसलं आलंय नवल!

ती तंबाखूच्या पानाच्या तुकड्यांत एक नवं जनुक सोडायची आणि तुकडे अँटिबायोटिकवर ठेवायची. त्या औषधानं हरितलवकाची चूल विझायची, तुकडा पांढरा पडायचा. नवं जनुक हरितलवकात रुजलं आणि त्याचं प्रथिन बनू लागलं, तरच औषध निकामी होऊन तेवढी जागा हिरवी होणार. दोन वर्षं सगळं पांढरंच निघालं. सोबतच्या मुली नोकऱ्या बदलून गेल्या. दुपारी एकटीनं कडक भाकरी न् शेंगाचटणी खाताना दाक्षायणीला फार एकटं वाटायचं. मग ती संध्याकाळच्या फोनची वाट बघायची.

यंदा अप्पा विसरू लागले. आधी नावं गेली, मग जेवल्याचं भान. फोन वहिनी लावून द्यायची. प्रश्न तेवढा टिकला होता. तो जायच्या आत हिरवं यावं, एवढंच दाक्षायणीला हवं होतं.

आणि एका तुकड्याच्या कडेला हिरवा ठिपका आला. असे ठिपके फसवेही असतात, म्हणून तिनं आठवडाभर तपासण्या केल्या. त्या आठवड्यात अप्पांनी विचारलं तेव्हाही ती "न्हाय"च म्हणाली. खात्री नसताना बोलायची तिला सवय नव्हती.

जनुक बसलं होतं. तिला दम निघेना, भरदुपारी तिनंच फोन लावला.

"अप्पा, हिरवं आलं."

पलीकडून अप्पांचा खूश आवाज आला.

"चांगलं झालं की बाई. आमची दाक्षा पन सोलापुरात हेच करती." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तिचं आजून आलं न्हाय. तिला एवढ्यात सांगू नगा, लेकराला वाईट वाटंल."

"न्हाय सांगत," दाक्षायणी म्हणाली.