उईकेचा किल्लेदार

त्या हिवाळ्यात बर्फानं आमच्या पोस्टचा रस्ता तोडला होता. माणसं सहा. कमांडर मी, हवालदार: घसा मोठा, अक्कल बेताची. सिग्नलचा लान्स नायक टेंभरे आमच्याच गोंदिया जिल्ह्यातला, चिचगडचा. त्यानं एक खेळ काढला. प्रत्येकानं कागदावर एक पात्र बनवायचं. बळ, चपळाई, अक्कल आणि वाणी यांत वीस गुण वाटायचे. टेंभरे संकट सांगणार, आपलं पात्र काय करतं ते आपण बोलायचं. जमलं की फसलं ते लुडोचा फासा ठरवणार.

मी वीसच्या वीस बळात टाकले.

"साहेब, तुमचा गडी दरवाजा डोक्यानंच उघडन जी," टेंभरे म्हणाला.

पहिल्याच दिवशी माझ्या गड्यानं दरीत उडी घेतली. मागोमाग चारही पात्रांनी घेतली. सगळे मेले. टेंभरेनं सालेकशाच्या शिपाई उईकेला धरलं.

"तुह्या पात्राले अक्कल बारा. तू काऊन उडी मारली बे?"

"साहेबानं मारली ना जी."

मग टेंभरेनं नियम केला: आपल्या उलट पात्र घ्यायचं. मला मुका मेंढपाळ मिळाला. हातवारे करून खांदे भरून यायचे, पोरं पोट धरून हसायची. रेडिओवर 'ओव्हर' म्हणतानाही लाजणारा उईके किल्लेदार झाला. महिन्याभरात तो शत्रूला अटी घालू लागला. मी लढून जे गमावलं असतं, ते हा बोलून मिळवायचा. मी मेंढ्या हाकत ऐकायचो आणि मनात सॅल्यूट मारायचो.

फेब्रुवारीत चौघांची गस्त परतत होती. वेळ चौदाशे, म्हणजे दुपारचे दोन. वरून बर्फाचा कडा सुटला. सर्वांत पुढे टेंभरे होता, तो दिसेनासा झाला. माझा पाय मोडला, छातीला मार बसला, तोंडातून आवाज निघेना. उरले उईके आणि एक नवा शिपाई. डोक्यावर आणखी बर्फ लटकत होता.

उईकेनं रेडिओ सेट उचलला.

"पोस्ट, गस्त बोलतेय. एक बेपत्ता, एक जखमी. मदत पाठवा. ओव्हर."

आवाज किल्लेदाराचा होता. नवा शिपाई माझ्याकडे बघत होता, हुकमासाठी.

"तिकडं कायले पाहून राहिला? कमांड माह्याकडं हाय. साहेबाले कपारीत ओढ. मी टेंभरेले खणतो."

पाच मिनिटांनी, मी पडलो होतो तिथंच वरचा बर्फ आला. उईके खणत राहिला. पंधरा तीसला मदत पोचली, तेव्हा टेंभरे हाती लागला होता. श्वास नव्हता.

उईके पुढे सुभेदार झाला. मी निवृत्त झालो. काठी टेकत दर वर्षी चिचगडला जातो. यंदा टेंभरेच्या मुलीनं, रेवतीनं विचारलं, "काका, बाबाचं पात्र कोणतं होतं जी?"

खेळ चालवणाऱ्याला पात्र नसतं, असं मी सांगितलं. तिनं कोरा कागद घेतला, वर वडिलांचं नाव लिहिलं.

"मंग आता बनवू. वीस गुण. सांगा, पयले कशाले देऊ?"

मी दोनदा मांडणी केली, दोनदा खोडायला लावली.

"विसात नाही भागत, पोरी."

"मंग?"

"मंग लिव. लागतील तितके."