डाव्या अंगाचा घोडा

हिवरखेडच्या चंद्रभानाला सारं गाव उलटा लोहार म्हणायचं. म्हणणाऱ्याला तो कधी उखडून बोलला नाही. भात्यावर बायको सुभद्रा, ऐरणीवर तो, असा त्यांचा संसार. हे नाव त्याला चिकटलं ते कापसाच्या तेजीत.

समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, आन् वऱ्हाडात खळ्याच्या काठापर्यंत कापसाची पऱ्हाटी आली. ओसरीत कापूस, गोठ्यात कापूस. माणसं चिलीम ओढायला गावाबाहेर जायची. अशा दिवसांत गावचा जागल्या पुंजाराम रानडुकरं हाकायचा तो तोड्याच्या बंदुकीनं. तोडा म्हणजे धुमसती सुताची दोरी. ती दारूला लागली की बार उडायचा, आन् ठिणग्या चहूकडं.

शेषराव पाटलानं एक दिवस ठणकावलं, "पुंजाकाका, हा इस्तो कापसात फिरवू नोका. बिनइस्त्याची बंदूक असन तं या, नाईतं मी दुसरा मानूस पायतो."

पुंजारामाचं सारं आयुष्य मचाणावर गेलेलं. घरी बसवला तर म्हातारा वाळून जाईल, हे त्याची बायको माणिकबाई जाणून होती. तिनंच बंदूक पदराखाली घेऊन लोहाराचं दार गाठलं.

"बावा, इले टोपीची करून दे."

बाळापूरच्या बाजारातून चंद्रभानानं भंगारात एक फुटक्या नळीची टोपीची बंदूक आणली होती. नळी गेलेली, पण घोडा आन् कमान शाबूत. घोडा म्हणजे लोखंडी चोच; ती दारू भरलेल्या इवल्या टोपीवर आपटली की बार उडतो, तोडा लागत नाही. कमान म्हणजे तिला रेटणारी पोलादी पट्टी. हे दोन्ही पुंजारामाच्या जुन्या नळीला बसवायचं, तर लाकडी दस्ता कोरावा लागणार होता.

"काकू, काका बंदूक कसी धरते? दाखवा बरं."

माणिकबाईनं लाजत बंदूक उचलली. उजव्या खांद्याला लावली, मान कलती केली, एक डोळा मिटला. हुबेहूब म्हातारा. भात्यावरची सुभद्रा खदखदून हसली. "काकू, डुकरं तं तुमाले पाहूनच पयतीन!"

चंद्रभानानं दस्त्यावर उजवीकडं खूण केली. उजव्या अंगाला घोडा बसवला, कमान घासली, चाप जुळवला. काम देखणं झालं.

पाहणीला पाटील आला, गाव आलं. बांधावर मडकं ठेवलं. पुंजारामानं बंदूक घेतली, दस्त्यावरून हात फिरवला. मग गावाकडं पाठ केली आन् हळूच ती डाव्या खांद्याला लावली.

चंद्रभान जवळ उभा होता. म्हाताऱ्याच्या डाव्या गालावर दारूनं भाजल्याचे काळे ठिपके त्याला आजच नीट दिसले. आन् उजव्या डोळ्यावर सायीसारखा पडदा. उजव्या अंगाचा घोडा तर थेट गालापाशी येत होता. टोपी फुटली असती तर उरलेला डोळाही गेला असता.

त्यानं झडप घालून नळी धरली. "थांबा काका! कमान ढिली रायली माह्याच्यानं."

"आता दिसली काय रे ढिली?" पाटील खेकसला.

"हो मालक. चुकलंच."

संध्याकाळी माणिकबाई आली ती उंबऱ्यातच बसली. "सांगणार होती रे. पण डोळ्याची गोठ फुटली तं पाटील त्याईले घरी बसवन. म्हून गप रायली."

"पण काकू, उजव्या खांद्यावर काहून दाखवली?"

म्हातारी गोंधळली. हात उचलून पुन्हा तसाच धरून पाहिला. "असीच तं धरते ते. आंगणात बंदूक पुसतानी लावून पायते ना, मी समोर बसली रायते. जलमभर समोरूनच पायलं, बाप्पा. माह्या ह्याच अंगाले दिसते ते."

सुभद्रेचा भाता थांबला. समोर बसलेल्याला म्हाताऱ्याचा डावा खांदा आपल्या उजव्या अंगालाच दिसणार.

चंद्रभानानं घोडा उतरवला. लाल करून दुसऱ्या अंगाला वाकवला. तो तडकला. मग गाडीच्या चाकावरच्या जुन्या लोखंडी धावेच्या तुकड्यातून नवाच घडवला. कमान उलटी बसेना, दर वेळी निसटून जायची. "कापसाच्या गाड्या धावा बसवाले खोळंबल्या आन् तुमी बुढ्याची बंदूक घेऊन बसले," सुभद्रा कुरकुरली. पण भाता तिनं सोडला नाही. उजवीकडची खाच बाभळीची चिप बसवून बुजवली, डावीकडं घोडा जोडला.

पुन्हा गाव जमलं. पुंजारामानं बंदूक पाहिली, लोहाराकडं पाहिलं. मग त्यानं सगळ्यांसमोर, पाठ न करता, ती डाव्या खांद्याला लावली. बार झाला. मडक्याच्या खापऱ्या बांधापलीकडं गेल्या.

"नेम तं हाये," पाटील म्हणाला, "पण काका, डाव्या खांद्यावर काहून?"

माणिकबाईनं पदर तोंडाशी नेला.

"घोडाच उलट्या अंगाले बसला, मालक," चंद्रभान म्हणाला. "माहीच अक्कल कमी पडली. आता बंदूक हाये तसी धरा लागन काकाले."

गाव हसलं. "हात् लेका! उलटा लोहार!"

पुंजाराम सगळ्यांहून मोठ्यानं ओरडला, "अक्कल कुठं गहाण ठेवली होती रे चंद्रभाना? माही बंदूक नासवली!" आन् ओरडता ओरडता त्याचा खरबरीत हात लोहाराच्या मानेवर आला, आन् तिथंच राहिला.

त्या सुगीत पुंजाराम मचाणावर होता. पुढंही होता. कोणी नवखा नांगराचा फाळ घेऊन आला की पोरं ओरडायची, "त्याच्याकडं नोका देऊ, उलटा बसवन!" चंद्रभान फाळ हातात घ्यायचा, उलटसुलट पाहायचा आन् म्हणायचा, "कोन्या अंगाले पायजे, ते सांगा फक्त."