गौरीच्या मुखवट्याला चांदी

रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. एका धातूवर दुसरा धातू चढवायचा प्रयोग आमच्याकडे दर वर्षी होतो. मुलं घरून लोखंडी चावी आणतात, मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बुडवतात, बॅटरीच्या तारा जोडतात आणि चावी तांब्याची झाली की फोटो काढून घरी पाठवतात. असाच एक फोटो मी काकूला दाखवला आणि नसतं काम गळ्यात घेतलं.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. जयगडजवळच्या गावात राहते. काका गेल्यानंतर घरात ती आणि तिचा एकुलता एक मुलगा. तो तिथल्याच बंदरावर नोकरीला आहे. त्याचं त्या उन्हाळ्यात लग्न झालं होतं, सून मंडणगडकडची. येत्या गौरीला तिचा पहिला ओवसा होता. नव्या सुनेनं सुपं भरून सासरच्या गौरीला ओवाळायचं, तो ओवसा. आमच्या गावात त्याचा थाट लग्नाच्या खालोखाल असतो.

काकूला घोर लागला होता तो मुखवट्याचा. आमच्या गौरीचा मुखवटा पितळेचा, वरून चांदीचा मुलामा दिलेला. पण दर वर्षी गौर बसवण्याआधी घरातल्या बायका तो आमसूल आणि राखेनं घासायच्या. काकू घासायची, तिच्या सासूनंही घासला. मुलामा कधीच उडून गेला होता. नाक, गाल, हनुवटी सगळं पिवळं, आणि नाकाचा शेंडा तर झिजून सपाट झालेला.

"नवी पोर पैल्यांदा बगणार," काकू म्हणाली. "म्हणल, ह्यांची गौर अशी कशी रंग उडालेली? तुज्या कालेजात चावीला तांबा चढवतात, मग गौरीला चांदी चढवायला काय जाता?"

मी तिला सांगितलं की चांदीचं काम तांब्यासारखं सोपं नसतं. शिवाय चांदी चढवायला चांदी लागते. ती उठून आत गेली आणि एक रुमालाची गाठ घेऊन आली. त्यात तिची जोडवी होती. काका गेले त्या दिवशी बायकांनी तिच्या पायांतून काढलेली.

"ह्यांचा आता मी काय करू? गौरीच्या अंगावर जाऊ दे."

माझ्याच्यानं पुढे वाद घालवला नाही.

सोनार लोक या कामाला सायनाइड वापरतात. ते आमच्या कपाटात नाही, आणि नाही तेच बरं. पितळेची एक पट्टी नुसत्या सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवून पाहिली, तर तिच्यावर काळी भुकटी बसली आणि बोट लावताच निघून आली. मग त्या पाण्यात पूर्वी फोटो धुणारे वापरायचे तो हायपो घातला. आता चांदी घाई न करता बसायला लागली. मुखवट्याची मागची बाजू नेलपॉलिशनं झाकली, म्हणजे तिकडे चांदी वाया जाणार नाही. पुढची बाजू सोड्यानं धुतली. बोटांचं तेल लागलं की चांदी धरत नाही, म्हणून मग तिला नुसता हात लागला तरी मी शिपायावर ओरडत होते. बिचारा म्हणाला, "मॅडम, देवी तुमचीच आहे, सांभाळा."

मुखवटा बॅटरीच्या एका तारेला आणि काकूची जोडवी दुसऱ्या तारेला, दोन्ही पाण्यात. जोडव्याची चांदी विरघळत जाते आणि मुखवट्यावर येऊन बसते. एरवी मुलांना हे फळ्यावर बाण काढून शिकवते, पण त्या दिवशी खुर्ची ओढून बघत बसले. खोलगट जागी चांदी नेहमी कमी पोचते, म्हणून मी जोडवी मुद्दाम गौरीच्या डोळ्यांसमोर टांगली होती. हळूहळू पितळेवर दुधाच्या सायीसारखा पांढरेपणा आला. जोडवी बारीक होत होत नुसती तार उरली, तीही पुढे विरघळली. मऊ कापडानं पुसल्यावर मुखवटा असा चमकला की मी चक्क हात जोडले. बरं झालं, कोणी विद्यार्थी आसपास नव्हता.

गौर यायच्या आदल्या दिवशी मी तो गावी नेऊन काकूच्या हातात दिला. निक्षून सांगितलं, "साध्या पाण्यानं पुस. आमसूल दाखवायचंसुद्धा नाही." काकू हो म्हणाली. डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीजवळ आले तर काकू दगडावर बसलेली, पुढ्यात ताट आणि ताटात मुखवटा. हात राखेनं भरलेले. शेजारच्या वाटीत आमसूल. नाक पुन्हा पिवळं झालं होतं, गाल पिवळे, हनुवटी पिवळी.

"भायरना आली ना ती," काकू माझ्याकडे न बघता म्हणाली. "धुतल्याबिगर कशी बसवू? हात आपलाच चालला गो."

मी भडकले. दोन दिवस खपून केलंय, असं म्हणाले. जोडवी गेली तुझी मातीत, असंही म्हणाले. ते बोलायला नको होतं, पण मला खरंच रडू येत होतं. कॉलेजला गणपतीची सुट्टी, पुन्हा चढवायला चांदी नाही, आणि ओवसा दुसऱ्या दिवशी. ताटातलं पाणी काकूनं अळवाच्या मुळाशी ओतलं आणि मुखवटा पुसून आत नेला.

ओवशाच्या वेळी घर बायकांनी भरलं होतं. सून सूप घेऊन पुढे झाली, ओवाळलं, वाकली, आणि मुखवट्याकडे बघतच राहिली. काकू माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"आई, हिचं नाक आमच्या मंडणगडच्या गौरीसारखंच आहे," सून म्हणाली. "तिचं पण घासून घासून असंच झालंय. मला वाटलं होतं, इथली वेगळी असेल."

काकूनं माझं मनगट सोडलं. मीही मोकळा श्वास घेतला.

विसर्जनाच्या दिवशी, ज्यांच्यावर मुखवटा बांधतात ती तेरड्याची रोपं पाण्यात सोडली आणि मुखवटा घरी परत आणला. तो घासून, फडक्यात गुंडाळून ठेवायचा असतो. या वेळी काकूनं आमसुलाची वाटी सुनेपुढे सरकवली आणि स्वतः बाजूला बसली. मी दारात उभी होते, या खेपेला तोंड न उघडता.

"नाक घास, गाल घास, कितीबी घास," काकू म्हणाली. "डोळ्यांना मातर आमसूल लावायचा नाय. नुसता कापूस फिरव."

मी पुढे होऊन वाकून पाहिलं. पापण्यांखालच्या खोलगट भागात काकूनं घासलेली राख पोचली नव्हती. तिथे चांदी तशीच होती, पांढरी.

"डोळ्यांना का नाही?" सुनेनं विचारलं.

"तितं माजी जोडवी हायत," काकू म्हणाली.