मदरला तांबेरा

मला आनंद झाला की मी ओरडते. राग आला तरी ओरडते. त्यामुळे घरच्यांना आधी आवाज ऐकू येतो आणि मग माझा चेहरा बघून ठरवावं लागतं, की हसायचं की लपायचं. त्या सकाळी मी पॉलिहाऊसमधून ओरडले तेव्हा साप निघाला असं समजून नवरा काठी घेऊन धावत आला. त्याच्यामागं सासूबाई, हातात घमेलं. घमेल्यानं साप कसा मारणार होत्या, ते त्यांनाच ठाऊक.

साप नव्हताच. फूल होतं.

आमचं पॉलिहाऊस केडगावच्या पुढं, पुणे रस्त्यापासून जरा आत. आत सगळी पिवळी शेवंती. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळं बघून डोळे पिवळे व्हायची वेळ येते. आणि त्या पिवळ्या गर्दीत एका झाडाच्या एकाच फांदीवर भलत्याच रंगाची फुलं आली होती. पाकळीची बाहेरची बाजू पिवळी, आतली कढईतल्या गुळाच्या पाकाच्या रंगाची. बाकीच्या फांद्या आपल्या साध्या. कुठलंही औषध न देता, कुणी न शिकवता, त्या एका फांदीनं स्वतःच्या मनानं रंग बदलला होता.

"चहा सांडल्यागत दिसतंय," नवरा म्हणाला. दिवसभर मी त्याच्याशी बोलले नाही.

शेवंतीत असं क्वचित होतं, हे मला माहीत होतं. आणि हेही माहीत होतं, की असा रंग बी धरून टिकवता येत नाही. बियांतून काय उगवेल याचा भरवसा नाही. त्याच फांदीचा शेंडा खुडायचा, काडी लावायची, मुळं फुटली की तेच झाड पुन्हा. लेक नव्हे, झेरॉक्स. म्हणजे हा रंग जगात फक्त माझ्याकडे होता, आणि मी काड्या करत राहीन तोवरच राहणार होता. ही गोष्ट डोक्यात शिरल्यावर मला दोन-तीन रात्री नीट झोप लागली नाही, इतकी मी खूश होते.

त्या फांदीची काडी लावून मी एक झाड वाढवलं. मूळ झाड हंगाम संपल्यावर बाकीच्या पिवळ्यांबरोबर उपटलं. ज्या झाडाच्या काड्या काढायच्या, त्याला रोपवाटिकेतले सगळे 'मदर' म्हणतात. आमची मदर चांगली घेरदार झाली. तिच्या शेंड्यांच्या काड्या मी ट्रेमध्ये कोकोपीट भरून ओळीनं लावल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला मदरचं दर्शन घडवलं. पाव्हणे आले की चहाच्या आधी मदर. मोबाईलच्या स्टेटसला रोज मदर. नणंदेनं शेवटी मेसेज केला, वहिनी, कधीतरी मुलांचेपण फोटो टाकत जा.

मग पावसाळा आला. आठवडाभर झड लागली, पडदे बंद ठेवावे लागले आणि आत दमट वाफ कोंडली. एका दुपारी मदरच्या पानांवर फिकट पिवळे ठिपके दिसले. पान उलटलं तर खाली साबुदाणा चिकटवल्यासारखे पांढरे फोड. पांढरा तांबेरा. शेवंतीवर येणारी ही बुरशी फार लबाड असते. वरून झाड टवटवीत, खालून पोखरलेलं. त्याही वेळी मी ओरडले, पण तेव्हा काठी घेऊन कुणी आलं नाही. आवाजावरूनच कळलं असावं.

नवऱ्यानं ओट्यावर उभं राहून बुरशीनाशकाच्या दुकानदाराला फोन लावला. पॉलिहाऊसमधल्या पंख्यांच्या आवाजात बोलून बोलून त्याला मोबाईलवरही ओरडायचीच सवय झाली आहे. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, मागं बसून तांदूळ निवडत होत्या.

"मदर पार गेली हो," नवरा सांगत होता. "न्हाई, वरून बरी दिसती. खालून समदी सडलीय. पसरायला लागलंय, लेकरांना लागण व्हायच्या आत उचलली पायजे. व्हय, उपटून जाळूनच टाकतो. जीव तुटतो, पर इलाज न्हाई."

आत्यांनी सूप खाली ठेवलं. नातवंडांच्या शाळेत मदर्स डेला त्या स्टेजवर जाऊन बसल्या होत्या, गुलाब घेऊन आल्या होत्या. मदर म्हणजे कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"वरून बरी दिसती म्हंजी?" त्या म्हणाल्या. "मी काय सडलीय का रं?"

नवरा फोन कानाला तसाच धरून वळला. "अगं, तू नव्हं!"

"मग कोन? तुला दुसरी कोन हाय? आन् जाळायचं काय बोलत हुतास?"

मी दारात होते. मला समजावून सांगायला पाहिजे होतं. पण मला असं काही हसू फुटलं, की मी तिथंच खाली बसले. पलीकडून दुकानदार हॅलो हॅलो करत होता. मी हसतेय हे बघून आत्या आणखी भडकल्या आणि सूप उचलून आत गेल्या. त्यांची समजूत घालायला संध्याकाळ गेली. समजूत पटल्यावर त्यांनी आमची गंमत सुरू केली. "ह्या मदरला च्या मिळंल का, का उपटायची वाट बघू?" रोज सकाळी हेच.

पण मदर उपटायला मी नाही म्हटलं. औषध फवारलं. पानं एकेक खुडून पिशवीत बांधली. पाण्याचं धुकं सोडणारे फॉगर बंद केले, पाऊस उघडला की पडदे वर केले. दारात परमँगनेटच्या जांभळ्या पाण्याचा टब ठेवला आणि फर्मान काढलं, की त्यात पाय बुडवल्याशिवाय कुणी आत यायचं नाही. सगळ्या घराच्या टाचा तपकिरी झाल्या. आत्यांना एका लग्नात कुणीतरी विचारलं, मेंदी कुठं काढली, म्हणून. कात्री प्रत्येक झाडामागं स्पिरिटमध्ये बुडवायची. मी इतकी करडी झाले, की नवरा घरातसुद्धा मला विचारून दार उघडायचा.

तरी काही उपयोग झाला नाही. ट्रेमधल्या काड्या वरून कशा छान दिसत होत्या! पण झेरॉक्स शेवटी झेरॉक्स. मदरच्या अंगात लपलेलं दुखणं काडीबरोबरच आलेलं होतं. मुळं फुटून नवी पानं आली, की त्या पानांच्या खाली तोच साबुदाणा. आज या ट्रेमध्ये, उद्या त्या ट्रेमध्ये. आता ठेवली तर सगळी पिवळी शेवंतीही जाणार होती. मग मदर आणि तिच्या सगळ्या काड्या आम्ही उपटल्या आणि बांधाजवळ जाळल्या. ओली शेवंती नीट जळत नाही, नुसती धुमसते. मी रागानं रॉकेल ओतत होते आणि रडत होते. एक रंग जगातून गेला, आणि तो माझ्या हातून गेला. आत्या शेजारी उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी मदरची गंमत केली नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. माझं माहेर काष्टीचं. मी रडत सगळं सांगितलं. पलीकडं आई गप्पच. माझी आई गप्प बसली म्हणजे एक तर रेंज गेली, नाहीतर तिनं काहीतरी केलं.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "वरडायचं न्हाई."

"काय?"

"पोराच्या वाढदिसाला आले हुते का न्हाई तुज्याकडं? तवा एक शेंडा खुडला. वल्या रुमालात गुंडाळून कनवटीला लावला. लागलाय इथं, तेलाच्या डब्यात."

मी ओरडले. शेजारच्या वस्तीवरून फोन आला, सगळं ठीक आहे ना म्हणून.

सकाळी मी डोक्यावरून अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, चपला साबणानं घासल्या. बुरशी माझ्या अंगावरून आईकडं जायला नको होती. मोटरसायकलवर नवऱ्याच्या मागं बसले आणि दौंड रस्त्यानं निघालो. वाटेत मला एकच भीती. तिनं खुडला तेव्हाच मदरच्या अंगात रोग लपलेला असला तर?

आईच्या दारात, भिंतीच्या कडेला, पत्र्याच्या डब्यात झाड उभं होतं. चांगलं गुडघ्याएवढं. हा आईचाच हात. मी तिला नमस्कारही न करता खाली बसले आणि एकेक पान उलटायला लागले. पहिलं स्वच्छ. दुसरं स्वच्छ. बुडाजवळचं, मातीला टेकलेलं पानसुद्धा स्वच्छ.

"माज्याच झाडात खोट काढती," आई नवऱ्याला म्हणाली. "बसा पाव्हणं."

सगळी पानं बघून झाली तरी मी परत पहिल्यापासून सुरू केलं. कुठंच काही नव्हतं. कोंडलेली हवा नाही, फॉगर नाही, उघडा वारा आणि सकाळचं ऊन. मी तिथंच बसून हसायला लागले आणि मला थांबताच येईना.

"आई, चार शेंडे दे."

"न्हाई देनार."

मला वाटलं ती गंमत करतेय. पण ती खरंच डोळे वटारून उभी होती.

"मागून घेतलेली काडी लागत न्हाई. चोरूनच न्यावी लागती. मी न्हाई का नेली? लागली का न्हाई?"

"अगं, तू समोर उभी आहेस. चोरू कशी?"

"मग मी च्या ठिवते," ती म्हणाली. "मला आतून हिकडचं काय बी दिसत न्हाई."

आणि ती आत गेली. भांडी एवढी वाजवली, की एका चहाला कुणी तेवढी भांडी लावत नाही. मी पिशवीतून कात्री काढली, स्पिरिट लावलं. नवरा रस्त्याकडं तोंड करून राखणीला उभा. तेवढ्यात शेजारची काकू कपडे वाळत घालायला आली. तिनं विचारलं, "काय चाललंय गं?" तर नवरा घाईघाईनं म्हणाला, "काय न्हाई काकू, चोरी चाललीय." काकू मान डोलावून आत गेली. मी शेंडे कापले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि पदराखाली धरले. माझं स्वतःचं झाड, माझ्या आईचं दार, आणि मी खऱ्या चोरासारखी घामाघूम.

चहा झाला. निघताना आईनं पिशवीत शेंगा दिल्या, लोणचं दिलं, नातवंडांना खाऊ दिला. माझ्या पदराकडं एकदाही बघितलं नाही. आम्ही गाडीवर बसलो. नवऱ्यानं किक मारली, आणि मागून आईचा आवाज आला, सगळी गल्ली ऐकेल असा. माझा आवाज कुणावर गेलाय, हा प्रश्न त्या दिवशी सुटला.

"कोन मेला आलता गं माज्या दारात! माजं झाड खुडून नेलं! ज्यानं नेलं त्याच्या घरी फुलांचा ढीग पडू दे! मेल्याला बसाय सवड मिळू नगं! तोडून तोडून त्याचं हात दुकू देत!"

नवऱ्याला हसताना गाडी सावरेना. मी मागं त्याचा शर्ट धरून हसत होते, रडत होते, आणि काड्या दबू नयेत म्हणून पोट आत घेऊन बसले होते.

त्या काड्या मी पॉलिहाऊसमध्ये नेल्याच नाहीत. ओट्याबाहेर, वाऱ्यावर लावल्या. सगळ्या लागल्या. त्यांच्या काड्या केल्या, त्याही लागल्या. पुढच्या वर्षी पॉलिहाऊस धुऊन, माती तापवून घेतली आणि मगच त्यांना आत जागा दिली. आता या दिवाळीला गुळाच्या पाकाच्या रंगाचे वाफे भरून आलेत. पहाटेपासून आम्ही सगळे तोडणीला बसलोय. टेम्पो रस्त्यावर उभा आहे, तरी अर्धंअधिक तोडायचं बाकीच आहे. दुपारी आईचा फोन आला.

"कसं चाललंय?"

"हात दुखतात गं," मी ओरडून सांगितलं.