बिळातलं पिल्लू

डोळखांबच्या डोंगराकडल्या पाड्यात नवशा म्हणजे बिळं उकरण्यात पटाईत माणूस. भाताची कापणी उरकली की बांधावरून नुसती नजर फिरवून तो सांगायचा, उंदरांनी लोंब्या कुठं साठवल्यात ते. लढाईच्या सालात बाजारात धान्य दिसेनासं झालं, तेव्हा तर माणसं त्याला हाताला धरून आपापल्या शेतावर न्यायची.

त्या हिवाळ्यात बायकोला, बाईजाला, सोबत घेऊन त्यानं स्वतःच्याच बांधावर एक बीळ धरलं. तोंडाशी पेंढा पेटवून आत धूर सोडला. जमिनीखालून धप धप आवाज येऊ लागला. हे झुपकेदार शेपटीचे शेतातले उंदीर भ्याले की मागचे पाय आपटतात, हे त्याला ठाऊक होतं. तो सुपानं वारा घालत राहिला.

आवाज थांबल्यावर उकरलं. टोपलीभर लोंब्या निघाल्या आणि शेजारी एकमेकांना बिलगून मेलेलं अख्खं कुटुंब. तळाचं एक पिल्लू तेवढं हललं. डोळे नुकते उघडलेले. असली पिल्लं नवशानं आजवर किती भिरकावली होती! पण हे त्याच्या तळव्यावर आईला शोधल्यासारखं बोटं हुंगत फिरलं. बोटांना धुराचा वास होता. नवशानं ते मुंडाशात गुंडाळून घरी आणलं.

फुटक्या मडक्यात माती आणि पेंढा घालून मडकं चुलीशी ठेवलं. बाईजा कापसाच्या वातीनं शेळीचं दूध त्याच्या तोंडात पिळायची. पुढं ते दाणे कुरतडू लागलं. त्याच्याच आईनं साठवलेलं भात त्याच्यापुढं टाकताना नवशा तोंड फिरवायचा.

बातमी पाड्यात पसरली. शेजारचा मंगळ्या चारचौघांत म्हणाला, "मान्सांना पेज मिळं ना, आनी आमचा नवशा उंदराचा बाप झाला!" सगळे खदखदून हसले. नवशाही हसला.

दुसऱ्याच दिवशी सांजेला त्यानं पिल्लू उचललं.

"कुठं नेताव?" बाईजानं विचारलं.

"त्याच्या जातीत सोडतो."

"ती परकी हायेत. घेनार नाय त्याला."

त्यानं ऐकलं नाही. ओढ्यापलीकडच्या बिळाशी पिल्लू ठेवून तो दूर बसला. तीन-चार उंदीर बाहेर आले. पिल्लू आपणहून त्यांच्याकडं धावलं. त्यांनी हुंगलं आणि सगळे मिळून त्याच्यावर तुटून पडले. नवशा ओरडत धावला. पिल्लू हाती आलं तेव्हा त्याचा कान फाटला होता, मागचा पाय लोंबत होता.

बाईजानं जखमेला हळद लावली. मग म्हणाली, "लोकांपुढं तुमाला त्याची लाज वाटली. त्याचं घर तुमी मोडलं, त्याची नाय वाटली."

त्या रात्री नवशा जेवला नाही.

पिल्लू जगलं, पण लंगडं. एकदा मंगळ्यानं पुन्हा विचारलं, "उंदीर हाय का रे तुझा?" नवशा म्हणाला, "हाय. त्याची मान्सं मी मारली, म्हनून माझ्याकडं हाय." मंगळ्या हसला नाही.

पुढच्या हिवाळ्यातही नवशा बिळं उकरायला गेला. पोटापुढं इलाज नव्हता. मात्र धूर घालणं त्यानं सोडलं. बिळाचं तोंड उकरून मोकळं करी आणि उंदीर पळून जाईपर्यंत तो बांधावर बसून राही. लोक घाई करत, चिडत. तो खाली मान घालून ऐकून घेई. कारण मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही.