खंडेनवमीचा मदरबोर्ड

दिल्लीत, पहाडगंजच्या छापखान्यात मी एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते, तेव्हा बाबांचा फोन आला. सभेत माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज, पण तो एवढंच म्हणाला, "शैला गेली..." शैलाआत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. गुडगावच्या तिच्या सोसायटीच्या गेटपाशी ती ऑफिसच्या गाडीची वाट बघत उभी होती, तिथेच कोसळली. हृदयविकार. माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगायला लाज वाटते: आता ते विचारायचं राहूनच गेलं.

काय राहिलं, ते कळायला आमच्या घरातला कॉम्प्युटर माहीत हवा. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत आणि कर्मचारी संघटनेत. आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरमध्ये पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी बाराखडी गिरवली ती त्यांच्याच कोऱ्या पाठींवर. आत्याही सरकारी इंजिनियर होती, दोन ब्लॉक पलीकडे राहायची. एक दिवस तिनं राजीनामा दिला आणि गुडगावातल्या एका कंपनीत गेली. "मी खाजगीकरणाविरुद्ध घसा फोडतोय आणि माझीच बहीण काचेच्या इमारतीत जाऊन बसते!" असं म्हणून बाबांनी सहा महिने अबोला धरला. मीही मनातून त्यांच्याच बाजूला होते. पण पुढे पत्रकं घरीच जुळवण्यासाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, तेव्हा वर्तमानपत्रातून डोकं न काढता बाबाच म्हणाले, "शैलाला विचार. त्यातलं तिलाच कळतं."

आत्या मला नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात घेऊन गेली. माझ्या हातात एका मासिकाचं कापलेलं पान होतं आणि त्यावर सगळ्यात वेगवान प्रोसेसरभोवती लाल वर्तुळ. आत्यानं ते पान घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. "प्रोसेसर स्वस्तातला घेऊ. त्याला ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त पळवता येतं, त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. पैसे घालायचे ते मदरबोर्डात." मी तिथल्या तिथे भांडायला उभी राहिले. म्हटलं, ठरल्यापेक्षा जास्त काम काढून घ्यायचं, म्हणजे पिळवणूकच की! आत्या गर्दीत थांबून खळखळून हसली. "अगं, मग आधी त्याची युनियन काढ! तोवर मी बोर्ड बघते."

दुकानदारानं चकचकीत खोका पुढे केला. "मॅडम, एकदम लेटेस्ट है, नया चिपसेट." आत्यानं बोर्ड बाहेर काढून उजेडात तिरपा धरला. प्रोसेसरच्या जागेभोवती उभे असलेले छोटे गोल कपॅसिटर एकेक करून न्याहाळले, मग चिपसेटवर बोट टेकवलं. "भैया, लेटेस्ट नहीं चाहिए. पुराना वाला दिखाओ, जो गरमी झेल ले." दुकानदार म्हणाला, "वो तो पिछले साल का है." "तो उसने एक गरमी देख ली ना?" आत्या म्हणाली. माझ्याकडे वळून तिनं समजावलं ते मला अजून आठवतं. चिपसेट म्हणजे धौला कुआँचा चौक. सगळी रहदारी तिथून जाते. तुझी गाडी कितीही जोरात पळू दे, चौकच तुंबला तर काय उपयोग? प्रोसेसर पळवायचा, तर त्याच्याबरोबर हा रस्ताही पळवावा लागतो; या रस्त्याला बस म्हणतात. नवीन चिपसेट सोयी जास्त देतो, पण तो ताण किती सोसेल ते अजून कुणाला माहीत नाही. हा जुना मुरलेला आहे. मी विचारलं, "आणि नाही सोसला तर?" ती म्हणाली, "तर मशीन अडकतं. ते बरंच. माणसं अडकत नाहीत गं, चालतच राहतात..." तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं.

पुढे दरवर्षी ती खंडेनवमीला यायची. त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजायची, आणि आमच्या घरात अवजार म्हणजे हाच कॉम्प्युटर. देवाधर्माचं नाव काढलं की बाबा उखडत, पण त्या दिवशी ते खिडकीत बसून गुपचूप बघत. आत्या कॅबिनेटचं दार काढून भिंतीला टेकवायची, रंगकामाच्या ब्रशनं दिल्लीची वर्षभराची धूळ झाडायची, कपॅसिटर फुगलेत का ते पाहायची आणि दार लावून वर झेंडूचं फूल ठेवायची. "दादा, नमस्कार कर," म्हणायची. बाबा म्हणायचे, "यंत्राला कसला नमस्कार!" आणि मान किंचित खाली करायचे.

अशाच एका खंडेनवमीच्या आधी मी पत्रक लिहिलं, गुडगावच्या नव्या कचेऱ्यांवर, त्याच कॉम्प्युटरवर. हिंदीत होतं. बारा-बारा तासांच्या पाळ्या, संघटना नाही, घरी नेऊन सोडणारी गाडी हीच मेहेरबानी. लिहिता लिहिता हात गरम झाला आणि शेवटी मी लिहून गेले, "यहाँ के लोग ख़ुशी से बिके हुए हैं." ते छापलं, वाटलं. आत्या आली तेव्हा त्याचा गठ्ठा टेबलावरच होता. तिची नजर त्यावर गेलेली मी पाहिली आणि चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात पळाले. सगळ्या जगाला जाब विचारणारी मी, चहा उकळून उकळून काळा होईपर्यंत तिथेच उभी राहिले. बाहेर आले तेव्हा दार लावून झालं होतं, फूल वर होतं. "यंदा धूळ फार," एवढंच ती म्हणाली. तिनं ते वाचलं का, तिला लागलं का, हे मी त्यानंतर कधीच विचारलं नाही. ती पूर्वीसारखीच वागत राहिली, म्हणून मला ते आणखीच विचारवेना.

गेल्या आठवड्यात कॉम्प्युटर सुरू होताना अडला. पडद्यावर कुठल्या तरी जुन्या वर्षाची तारीख आली. बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी संपली होती, आणि तिच्याबरोबर आत्यानं लावून ठेवलेला वेगही पुसला गेला होता. कॅबिनेटचं दार मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं एक कागद लावलेला होता. त्यावर आत्याचं टपोरं अक्षर: "बस मूळ ६६. आपण १००. बॅटरी गेली तर हे पुन्हा भरणे. मे-जूनमध्ये ६६ वरच ठेवणे, त्यालाही उन्हाळा आहे." कागद ओळखीचा वाटला. अलगद सोडवून उलटा केला. माझंच पत्रक.

समासात पेन्सिलनं दोनच खुणा होत्या. वर, जिथे मी लिहिलं होतं, "यहाँ थकने की छुट्टी नहीं मिलती", तिथे रेघ मारून "खरं." आणि खाली, त्या शेवटच्या ओळीपाशी, "हे नाही."

बाबांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. मग म्हणाले, "किती तारीख आज?" मी म्हटलं, सोळा मे. "मग सासष्टवरच राहू दे."

बॅटरी बदलली, तारीख नीट केली, वेगाला हात लावला नाही. कागद होता तिथेच परत चिकटवला, फक्त या वेळी पत्रकाची बाजू वर ठेवून. आकडे मला आता पाठ आहेत.