हसरा इमोजी आणि आत्याची नागीण

फोन लागत नव्हता. आठव्यांदाही ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. बाहेर पेशंट खोळंबलेले, आणि बावीस वर्षं त्वचारोगतज्ज्ञ म्हणून मिरवणारा मी केबिनमध्ये येरझारा घालतोय.

कारण सकाळचा माझा प्रताप. कळव्याची चार वर्षांची सानू माझी जुनी पेशंट. तिला एक्झिमा आहे, म्हणजे त्वचा कायम कोरडी, खाजरी, सारखी फुटणारी. तिच्या आईने व्हॉट्सअॅपवर गालाचा फोटो पाठवला. खाली सानूच्या आत्याचं मत : ‘ही नागीण वाटते.’ मी पोहे खात होतो. नागीण अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी येते, एवढं मला ठाऊक. मी हसरा इमोजी टाकला आणि लिहिलं, ‘एक्झिमाच वाढलाय. स्टिरॉइडचं मलम दोनदा लावा.’

दुपारी केसपेपरला लावायला म्हणून तोच फोटो मोठा केला आणि घाम फुटला. सगळे फोड एका मापाचे, मधोमध खोलगट, कागदाला पंच मारल्यासारखे. दोन तर डोळ्याच्या कडेला. एक्झिमावर नागिणीच्याच कुळातला हर्पिसचा विषाणू बसला होता. एरवी तो ओठावर एखादा फोड आणून गप्प बसतो. पण एक्झिमाच्या भेगाळ त्वचेत भराभर पसरतो. वर त्वचेची प्रतिकारशक्ती दाबणारं माझं मलम, म्हणजे त्याला मोकळं रान. डोळ्यात शिरला तर नजर जाऊ शकते.

दहाव्यांदा सानूच्या आईचा फोन लागला. उचलला आत्यानेच. सगळे खडवलीला साखरपुड्याला गेलेले.

“मलम लावलं?”

“एकदा. पोरगी तापलीय हो, डॉक्टर. डोळा उघडत नाहीये.”

“आता अजिबात लावू नका. गाडी करा, तडक ठाण्याला हॉस्पिटलमध्ये या. मी दारात थांबतो.”

“म्हणजे नागीणच ना?”

“नागिणीची चुलत बहीण.”

“मग हसलात कशाला?”

नेमकं तेव्हा नेटवर्क एकदम उत्तम होतं.

सलाइनमधून विषाणूवरचं औषध सुरू झालं. डोळ्यांच्या डॉक्टर सानूला तपासत होत्या, तोवर मी भिंतीवरच्या टाइल्स मोजल्या. दोनदा. मग त्या म्हणाल्या, “बुबुळ स्वच्छ आहे. वेळेत आणलंत.”

बाहेर आत्या उभी. तिच्या ओठावर वाळलेली खपली.

“माझ्या पाप्यांनी झालं का हो?”

“ओठावर फोड असताना हिचा पापा घेऊ नका, असं मी कधी सांगितलं होतं?”

“नाही.”

“मग तीही चूक माझीच. आजची दुसरी. पहिली सकाळी पोहे खाताना केली, फोटो मोठा न करता.”

सानू आठवड्याने घरी गेली. आत्या अजून फोटो पाठवते. खाली न चुकता लिहिते : ‘मोठा करून बघा. पोहे संपल्यावर.’